वेताळ, अर्नाळकर आणि माझ्या ट्रंकेतले एक कॉमिक

परवा गणपतीला नातू मेढ्याला आला होता. पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आरती झाली, जेवणे झाली, सुनबाईंनी भांडी आवरली, आणि मग हा आपला तो पाटीएवढा संगणक घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "आजोबा, एक गंमत दाखवतो. पण हसायचं नाही."

हसण्यासारखे काही नव्हते. त्याने आणि त्याच्या एका मित्राने मिळून एक कॉमिक करायला घेतले आहे. मित्र चित्रे काढतो, हा गोष्ट लिहितो. अठ्ठेचाळीस पाने, मराठीत, आणि खर्च स्वतःच्या खिशातून. तीनशे प्रती छापायच्या आणि हातोहात विकायच्या असा बेत आहे. मुंबईला कॉमिक कॉन नावाची जत्रा भरते, तिथे अशी मुले टेबल मांडून बसतात म्हणे.

गोष्ट अशी. कोयनेचे धरण बांधून होत आले आहे. जावळीच्या जंगलातले एक गाव उठते आहे. लोक घरांच्या तुळया, जाती, उखळ गाड्यांत भरून निघाले आहेत. गावदेवीची मूर्तीही वाजतगाजत नवीन गावठाणात गेली. वेशीवरचा वेताळाचा धोंडा मात्र कुणी हलवत नाही, कारण हात लावायची छाती कुणाची नाही. पाणी चढते, धोंडा बुडतो. आणि पुढच्या अमावास्येला पाण्यावरून मशाली चालताना दिसू लागतात. माणसे घाबरून दारे लावून घेतात. फक्त होडीवाल्याची बारा-तेरा वर्षांची मुलगी रात्री होडी सोडून त्या मशालींच्या दिशेने निघते.

चित्रे पाहिली. पाण्यातून वर आलेला सुकलेल्या आंब्याचा शेंडा, काळे पाणी, होडीत उभी असलेली ती पोर. अंगावर काटा आला म्हटले तर खोटे होणार नाही.

नातू म्हणाला, "शेवट अडलाय. मशाली कुणाच्या निघायला हव्यात? लाकूडचोरांच्या, की खरोखर वेताळाच्या? मित्र म्हणतो वेताळच पाहिजे, त्याशिवाय मजा नाही. मला वाटतं, तुम्हाला विचारावं."

मी म्हटले, "उद्या सांगतो." आणि मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचे कारण माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. पण ते शेवटी सांगेन. आधी हा वेताळ आपल्याकडे आला कुठून आणि कसा, ते पाहू.

वेताळ हा आपला भुतांचा राजा. अमावास्येला त्याची फेरी निघते, पुढे मशाली, मागे भुतांचा लवाजमा, असे आमच्या लहानपणी प्रत्येक आजी सांगायची. महाराष्ट्रात कित्येक गावांच्या वेशीवर शेंदूर फासलेला एक अनघड दगड असतो, तो वेताळ. पुण्याच्या वेताळ टेकडीचे नाव तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. गोव्यात तोच बेताळ होतो आणि चक्क ग्रामदैवत म्हणून मानाने पुजला जातो. म्हणजे भीतीही त्याचीच आणि राखणही त्याचीच.

पोथीतला वेताळ मात्र निराळा. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, त्यात राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगणारा वेताळ आहे. छापील मराठी बाळसे धरत होते, त्या काळातच, १८३० च्या सुमारास, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'वेताळ पंचविशी' मराठीत आणली. हा वेताळ रक्त पीत नाही की मानगुटीवर बसून छळत नाही. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून दिले नाहीस तर डोक्याची शकले होतील, म्हणतो. मास्तरकीच्या भाषेत सांगायचे तर हा तोंडी परीक्षा घेणारा वेताळ!

माझ्या पिढीला हा दुसरा वेताळ भेटला तो 'चांदोबा'त. मद्रासहून बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये 'चंदामामा' सुरू केला आणि १९५२ पासून तो मराठीत 'चांदोबा' होऊन आला. त्यातले ते चित्र माझ्या वयाच्या कुणालाही डोळे मिटून दिसेल. रात्र, स्मशान, हातात नंगी तलवार, खांद्यावर प्रेत आणि खाली न पाहता चालणारा राजा. ते काढणारे चित्रकार शंकर २०२० साली वारले, तेव्हा आपल्याच घरातले कुणी गेल्यासारखे वाटले.

दुसरी गोष्ट आमच्याकडे पोचायची ती मुंबईहून. जावळी तालुक्यातल्या घरटी एकाने तरी मुंबई धरलेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी बाजारात पाठीवर ओझी वाहायला. यात्रेला ही माणसे गावी यायची तेव्हा ट्रंकेत लुगडे, खाऊ, आणि तळाशी दोन-चार पातळ, कडा दुमडलेली पुस्तके असायची. बाबूराव अर्नाळकर! झुंजार, काळापहाड, धनंजय. आमच्या चुलत्यांनी आणलेली पुस्तके गावात इतक्या हातांतून फिरायची की शेवटी पहिली आणि शेवटची पाने गळून पडत. खून कुणी केला ते पान नाही म्हणून आम्ही पोरांनी गोठ्यात बसून आपापले शेवट रचलेले आहेत.

अर्नाळकरांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा, मृत्यू १९९६ चा. हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. पण आमच्या मराठीच्या पाठ्यपुस्तकात त्यांची एक ओळ मला कधी सापडली नाही. बी.ए.ला मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ आम्ही पाठ केला. ज्या लेखकाने गिरणगावातल्या अर्धशिक्षित माणसाला वाचायला लावले, त्याचे नाव आमच्या प्राध्यापकांच्या तोंडून कधी ऐकले नाही. पुढे मी मास्तर झालो तेव्हा मीही तेच केले. हे आधीच कबूल करतो.

अर्नाळकरांना लिहिते करण्यात नाथमाधवांचा वाटा होता असे सांगतात. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे, 'वीरधवल'चे लेखक. त्यांची हकीकत मी वर्गात मुलांना सांगत असे. ऐन तारुण्यात सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखालचे शरीर लुळे झाले. मग या माणसाने अंथरुणावरून घोडेस्वार, भुयारे, गुप्त दरवाजे आणि तलवारी यांनी भरलेल्या कादंबऱ्या लिहिल्या. 'वीरधवल'चा सांगाडा इंग्रज लेखक रेनॉल्ड्सचा आणि अर्नाळकरांच्या काळापहाडामागेही 'ब्लॅकशर्ट' नावाचा एक इंग्रजी नायक आहे. म्हणजे आपल्या साहसकथेला उसनवारीची सवय जुनीच. पण उसने आणलेले पीठ आपल्याच चुलीवर भाजले गेले, एवढे मान्य करावे लागेल.

आता तिसरा वेताळ. हा समुद्रापलीकडून आला.

अमेरिकेत ली फॉक या लेखकाने १९३४ साली जादूगार मॅण्ड्रेक आणि १९३६ साली फॅण्टम असे दोन नायक वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांसाठी निर्माण केले. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केली, ती इंग्रजीबरोबर हिंदी आणि मराठीतही. पहिल्याच अंकापासून नायक फॅण्टम. मराठीत त्याचे नाव काय ठेवायचे? कुणा अनामिक भाषांतरकाराने ठेवले 'वेताळ'. मला हे नाव ठेवणाऱ्याचे फार कौतुक वाटते. एका शब्दाने त्याने न्यूयॉर्कचा नायक आमच्या वेशीवरच्या शेंदऱ्या धोंड्याशी नेऊन बसवला.

आणखीही काही बदल झाले. मूळ गोष्टीत फॅण्टमचे जंगल 'बंगाल'शी मिळत्याजुळत्या नावाच्या देशात होते आणि समुद्री चाच्यांच्या टोळीचे नाव होते 'सिंग'. भारतात हे कसे चालणार? मग देश झाला 'डेंकाली' आणि चाचे झाले 'सिंगा'. पुढे १९७६ साली आबिद सुरतींचा 'बहादूर' आला, कुर्ता आणि जीनची पँट घालणारा, डाकूंशी लढणारा. तो अस्सल भारतीय नायक. 'इंद्रजाल' १९९० साली बंद पडले, तोवर आठशेवर अंक निघाले होते.

माझा या वेताळाशी संबंध आला तो वाचक म्हणून नव्हे. १९६४ साली मी पोरगेलासा होतो, पण आमच्या वाडीपर्यंत ही रंगीत पुस्तके पोचत नव्हती. ती माझ्या दृष्टीस पडली तेव्हा मी शिक्षक झालो होतो, वर्गात उभा होतो, आणि पुस्तक एका पोराच्या भूगोलाच्या वहीत लपवलेले होते.

साल १९७८. आठवीचा वर्ग. मुलगा डोंगरावरच्या एका वस्तीतला, रोज दोन तास चालत शाळेत येणारा. अभ्यासात यथातथा. मराठीचे प्रकट वाचन करायला उभे केले की अडखळायचा, बाकीची पोरे हसायची. त्या दिवशी मात्र मान खाली घालून इतका गुंगला होता की मी शेजारी जाऊन उभा राहिलो तरी त्याला कळले नाही. वही उचलली. आत 'वेताळ'. मुखपृष्ठावर कवटीची गुहा.

माझा पारा चढला. त्याला एक कारण होते. तेव्हा मी नुकताच भुताखेतांच्या विरोधात उभा राहिलेला तरुण शिक्षक होतो. कोयनेचा भूकंप मी पाहिलेला होता. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, इकडे आमच्या घराची भिंत फुटली. आणि गावात म्हातारी माणसे काय म्हणाली? पाण्याखाली बुडालेले देव हलले! मग बकरी कापली गेली, भगताने घरटी पैसे काढले. सतरा वर्षांचा मी ते सगळे बघत होतो. मास्तर झालो तेव्हा मनाशी ठरवले होते की आपल्या वर्गातून एकही मूल भगताच्या दारात जाणार नाही. आणि हा पोरगा वर्गात बसून वेताळाचे पुस्तक वाचतो!

मी त्याला उभे केले. "भुताची पुस्तके वाचून भित्रा होशील," असे काहीबाही बोललो. हातावर दोन छड्या दिल्या. पुस्तक जप्त करून कपाटात टाकले. तो काहीतरी सांगू पाहत होता. "सर, त्यात..." एवढेच म्हणाला. मी म्हटले, "गप्प बैस."

नंतर कळले की पुस्तक त्याचे नव्हते. एस. टी. स्टँडजवळच्या एका दुकानातून दिवसाच्या भाड्याने आणलेले. ते परत न गेल्याने त्याची अनामत बुडाली आणि दुकानाचे दार त्याला बंद झाले. हेही मला दुसऱ्या पोराने सांगितले. मी पुस्तक परत द्यायला हवे होते. दिले नाही. शिस्त म्हणजे शिस्त, असे माझे तेव्हाचे तत्त्वज्ञान. वर्षभराने त्याने शाळा सोडली आणि मुंबई धरली. पुस्तकामुळे सोडली असे मी म्हणत नाही. घरची परिस्थिती तशीच होती. पण एवढे खरे की त्या दिवसानंतर मी त्याच्या हातात पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरे पुस्तक पाहिले नाही.

पुढच्या काळात माझ्या या तत्त्वज्ञानाला चांगले पाठबळ मिळाले. आमच्या साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर. डॉक्टर, कबड्डीचे नामांकित खेळाडू. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. शिक्षकांसाठी त्यांची शिबिरे होत, त्यांतल्या एका शिबिराला मी गेलो होतो. नारळातून करणी काढणे, तोंडात जळता कापूर धरणे, असले चमत्कार कार्यकर्ते करून दाखवत आणि मग त्यामागची युक्ती सांगत. मी शाळेत येऊन तेच प्रयोग मुलांपुढे केले. मुले आधी घाबरायची, मग युक्ती कळली की खदखदून हसायची. तो हशा मला फार आवडायचा.

आता गंमत पाहा. त्या प्रयोगांत आम्ही आधी मुलांना घाबरवतच होतो. भीती दाखवल्याशिवाय तिच्या पोटात काय आहे ते उघडून दाखवता येत नाही. हे मी स्वतःच्या हाताने करत होतो आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही की गोष्टीही नेमके हेच करू शकतात.

प्रकाश पडला तो २००८ साली, निवृत्तीनंतर. शाळेतले कपाट रिकामे करून आणलेले कागद घरी चाळत होतो. त्यांत ते कॉमिक निघाले. दुपारची वेळ, दुसरे काम नव्हते. तीस वर्षांनी मी पहिल्यांदा ते उघडून वाचले. आणि मग ओळखीच्या मुलांकडून आणखी चार-पाच मिळवून वाचली.

मंडळी, त्यात भूत नाही!

ज्यांनी लहानपणी वाचले आहे ते हसतील, पण मला खरोखर ठाऊक नव्हते. वेताळ हा माणूस आहे. १५३६ साली चाच्यांनी जहाज लुटले, त्यातून एक खलाशाचा पोरगा वाहत किनाऱ्याला लागला. त्याने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली की अन्यायाशी लढेन, आणि माझ्यामागे माझा मुलगा लढेल. तेव्हापासून बापाचा मुखवटा मुलगा चढवतो. गोष्टीतला वेताळ एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटते की हा एकच आहे, चारशे वर्षे जिवंत आहे, अमर आहे. बदमाशांनाही तसेच वाटते, म्हणून ते चळचळा कापतात. पण वाचकाला गुपित माहीत असते. पानापानांवर वाचक मनात म्हणत असतो, अरे हा मर्त्य माणूस आहे, गोळी लागली तर मरेल!

म्हणजे दाभोलकरांच्या शिबिरात जे आम्ही नारळ फोडून दाखवत होतो, ते हे पुस्तक भाड्याच्या चार-आठ आण्यांत डोंगरातल्या पोराला दाखवत होते. अफवा कशी तयार होते, भीतीवर दरारा कसा उभा राहतो, आणि मुखवट्यामागे माणूस असतो. आणि मी ते पुस्तक न उघडता जप्त केले होते. अंधश्रद्धेची साधी व्याख्या मी मुलांना सांगत असे: तपासून न पाहता धरलेले मत. त्या दिवशी वर्गात अंधश्रद्ध कोण होते, हे वेगळे सांगायला नको.

वेताळात दोष नाहीत असे नाही. गोरा नायक, आणि त्याच्या शब्दावर चालणारे भाबडे जंगलवासी, हे चित्र आज डोळ्यांत खुपते. गुपित गोऱ्याला आणि वाचकाला ठाऊक, बहुतेक स्थानिकांना मात्र पिढ्यान्‌पिढ्या कळत नाही! आमच्या जावळीतल्या पोराने ते वाचताना स्वतःला वेताळाच्या जागी पाहिले असणार. पण चित्रातल्या डेंकालीत तो खरा असता तर भाला घेऊन मागे उभा असता. नातवाच्या कॉमिकमधली होडीवाल्याची पोर मला आवडली ती यासाठी. इथे गुपित शोधायला बाहेरून कुणी येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग उत्तर सोपे आहे. मशाली लाकूडचोरांच्या ठेवा आणि मोकळे व्हा. मलाही रात्री बारापर्यंत तसेच वाटत होते. पण मग आठवले नारायण धारप.

धारप (१९२५ ते २००८) हे मराठी भयकथेतले मोठे नाव. त्यांच्याकडे भूत हे भूतच असते, शेवटी चोर निघत नाही. त्यांचा 'समर्थ' म्हणजे अप्पा जोशी नावाचा साधा दिसणारा गृहस्थ. अघोरी शक्तींशी झुंजतो. त्याच्याकडे अभ्यास आहे, शांतपणा आहे, आणि घाबरलेल्या माणसाबद्दल कणव आहे. निवृत्तीनंतर मी धारपही वाचले. रात्री वाचून दिवा चालू ठेवून झोपलो आहे, खोटे कशाला बोलू? पण सकाळी उठून मी भगताकडे गेलो नाही. माझा विवेक तसूभरही हलला नाही. उलट एक समजले. अंधारात उभ्या राहणाऱ्या वाईटाला सामोरे जायला कुणीतरी लागते, ही त्या गोष्टींतली खरी ओढ आहे.

मग गोष्ट आणि भगत यांत फरक काय? मला वाटते तो हा. गोष्ट आधीच सांगते की मी गोष्ट आहे. भगत तसे सांगत नाही. गोष्ट भाड्याचे पैसे घेते आणि तासाभराने तुम्हाला घरी आणून सोडते. भगत कोंबडे मागतो, मग बकरे मागतो, आणि तुम्हाला घरी जाऊच देत नाही. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत बारा गोष्टी आहेत. पहिलीच, भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, छळणे. गुन्हा आहे तो छळाचा आणि फसवणुकीचा. भुताची गोष्ट सांगणे तिथे कुठेही नाही, आणि नसावेच. अठरा वर्षे ज्या माणसाने त्या कायद्यासाठी खस्ता खाल्ल्या, त्याला हा फरक माझ्यापेक्षा चांगला कळत होता.

धारपांची गोष्ट पुढे कुठे गेली तेही पाहा. राही अनिल बर्वे यांनी तरुणपणी नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून धारपांची कथा ऐकली. तिचे बी मनात राहिले आणि त्यातून २०१८ साली 'तुंबाड' चित्रपट आला. त्यासाठी त्यांनी आधी ७०० पानांची चित्रे काढून ठेवली होती म्हणतात. म्हणजे एक भले मोठे कॉमिकच! 'तुंबाड' हे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतले, पाऊस कोकणातला, वाडे आपले. भाषा मात्र हिंदी. २०२४ चा 'मुंज्या'ही तसाच. पिंपळावरचा मुंजा आपला, पण बोलतो हिंदीत. मुंबईच्या होली काउ एंटरटेनमेंटसारख्या स्वतंत्र प्रकाशकांनी 'अघोरी'सारखी कॉमिक्स काढली ती इंग्रजीत. याबद्दल माझी तक्रार नाही, गोष्टीला पाय असतात, ती जाते तिथे जाते. पण मुंजा, हडळ, खवीस, चकवा, आसरा, गिऱ्हा, देवचार इतकी नावे ज्या भाषेत आहेत, त्या भाषेत पोरांना वाचायला चार रंगीत पाने नसावीत, याचे वाईट वाटते. यात माझ्यासारख्या मास्तरांच्या छडीचाही थोडा वाटा आहे.

आता ते शेवटचे राहिले. २०१२ च्या सुमारास एका यात्रेत तो मुलगा मला भेटला. मुलगा कसला, कानांवरचे केस पांढरे झालेले. मुंबईत माथाडी कामगार होता. पाया पडला. मी घरी नेले, चहा केला, आणि ट्रंकेतून ते कॉमिक काढून त्याच्या पुढ्यात ठेवले. म्हटले, "तुझे माझ्याकडे राहिले होते."

त्याने उलटून पाहिले आणि हसला. म्हणाला, "आवं सर, त्यात भूत न्हवतंच की. मी तवाच सांगनार हुतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"भ्या वाटलं."

"भुताचं?"

"भुताचं कशाला? तुमचं."

तो हसत होता, त्याच्या मनात काही नव्हते. मला चहा गिळेना. पुस्तक त्याने नेले नाही. "आता कुठं वाचतो सर, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," म्हणाला. म्हणून ते अजून माझ्या ट्रंकेत आहे.

सकाळी नातवाला हे सगळे सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पण आजोबा, मशाली कुणाच्या?"

मी म्हटले, "बाबा, ते तू आणि तुझा मित्र ठरवा. चोर निघाले तरी चालतील, वेताळ निघाला तरी चालेल. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, पोरगी होडी घेऊन स्वतः गेली पाहिजे आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आली पाहिजे. तिला वाचवायला मध्येच कुणी मुखवटेवाला आणू नका. आणि दुसरे, परत आल्यावर ती जे पाहिले ते सांगेल, तेव्हा तिला गप्प बैस म्हणणारा एक मास्तर गोष्टीत घाला. असतो तसा एखादा."

तो म्हणाला, "आणि त्या मास्तरचं शेवटी काय होतं?"

मी म्हटले, "काही नाही. त्याने पुस्तक उघडून वाचलं, एवढं दाखवा. उशिरा वाचलं तरी चालेल."

तीनशे प्रतींतल्या दहा मी आधीच मागून ठेवल्या आहेत. एक ट्रंकेतल्या कॉमिकशेजारी ठेवीन. एक मुंबईला पाठवायची आहे, पत्ता मिळवला आहे. बाकीच्या आठ शाळेच्या वाचनालयाला द्याव्यात म्हणतो. वहीत लपवून वाचायची वेळ कुणावर येऊ नये.